चार ओहमच्या बुकशेल्फ स्पीकरला ॲम्प कसा निवडायचा

बुकशेल्फ स्पीकर जेमतेम फूटभर उंच, म्हणून त्याला ॲम्पही (ॲम्प्लिफायर) छोटासा पुरेल, असा हिशोब नवखा माणूस हमखास करतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट घडतं. कमरेएवढा टॉवर स्पीकर वीस वॉटवर हॉल दणाणून सोडतो आणि शेल्फवर मावणारी जोडी त्याच ॲम्पला घाम फोडते. छोटी पेटी, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तीन गोष्टी एकदम मिळत नाहीत. कोणत्याही दोन घ्या, तिसरी सोडा. छोट्या पेटीतून बऱ्यापैकी बेस काढायचा तर डिझायनर तिसऱ्या गोष्टीवर पाणी सोडतो. वर माहितीपत्रकातला आवाजाचा आकडा फारच केविलवाणा दिसू नये म्हणून पुष्कळदा इम्पीडन्स (करंटला स्पीकर करतो तो अडथळा, ओहममध्ये मोजतात) ४ ओहमवर आणून ठेवतो. त्याचं बिल भरतो तुमचा ॲम्प.

अशी जोडी घेतलेली असेल किंवा मनात भरली असेल, तर पुढचं वाचा. क्रम मात्र सांभाळा: स्पीकर आधी, ॲम्प नंतर. ॲम्प आधी घेऊन त्याला झेपतील असे स्पीकर शोधत बसणाऱ्यांना शेवटी आवाजावर तडजोड करावी लागते. चारपाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर जवळ ठेवा, तो पुढे दोन-तीनदा लागणार आहे.

पायरी १: स्पीकरचे खरे आकडे शोधा

स्पीकरच्या मागे "४ ओहम" किंवा "८ ओहम" छापलेलं असतं. हा नाममात्र आकडा. खरा इम्पीडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. एकाच स्पीकरमध्ये तो कुठे २५-३० ओहमवर चढतो, तर कुठे साडेतीनवर उतरतो. आयईसी ६०२६८-५ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं की किमान इम्पीडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे ८ ओहम छापायचं तर किमान ६.४ हवा, ४ छापायचं तर किमान ३.२. पाळतं कोण? केईएफचा २०२० साली आलेला एलएस५० मेटा बघा. कंपनीच्याच माहितीपत्रकात ८ ओहम, किमान ३.५ ओहम असं लिहिलंय. मानकाची फूटपट्टी लावली तर हा सरळ सरळ ४ ओहमचा स्पीकर. पण केईएफने निदान किमान आकडा छापला तरी. कित्येक कंपन्या तेवढेही कष्ट घेत नाहीत. तेव्हा लेबलावरचा आकडा बाजूला ठेवा आणि किमान इम्पीडन्स शोधा. तो चारच्या खाली असेल तर लेबल काहीही म्हणो, तुमच्या हातात अवघड स्पीकर आहे.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती आवाज निघतो त्याचा, आणि इथे एक छोटी मेख आहे. "८५ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर" असं लिहिलेलं असतं. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला बरोबर १ वॉट. पण ४ ओहमला तेवढेच व्होल्ट दिले की २ वॉट जातात. एलॅकचा युनि-फाय यूबी५ हा थ्री-वे (तीन पट्ट्यांना वेगवेगळे ड्रायव्हर असलेला) बुकशेल्फ स्पीकर ४ ओहमचा आहे आणि त्याच्यावरही ८५ डेसिबलच लिहिलंय. एका वॉटच्या हिशोबाने तो ८२ चाच झाला. कागदावर सारखे दिसणारे दोन स्पीकर, एक ८ ओहमचा आणि एक ४ चा, ॲम्पकडून सारखं काम करून घेत नाहीत. दुसरा दुप्पट घेतो.

तिसरी गोष्ट माहितीपत्रकात कधीच नसते: फेज. स्पीकर म्हणजे नुसता रेझिस्टर नव्हे. त्यात कॉइल आहे, क्रॉसओव्हरचे (बेस आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर आहेत, पेटीतल्या हवेचा दाब आहे. त्यामुळे व्होल्टेज आणि करंट एका तालात चालत नाहीत. दोघांतलं हे मागेपुढे असणं म्हणजे फेज, ते अंशांत मोजतात. आउटपुट ट्रान्झिस्टरवर पूर्ण व्होल्टेज पडलेलं असतानाच त्याला भरपूर करंटही सोडावा लागतो आणि तो तापतो. किती तापतो? इम्पीडन्स ४ ओहम आणि फेजचा कोन ४५ अंश असे एकाच ठिकाणी आले, तर ट्रान्झिस्टरला ते उष्णतेच्या दृष्टीने साधारण दीड ओहमच्या रेझिस्टरइतकं जड जातं. म्हणून दोन "४ ओहम" स्पीकरांपैकी एक कुठल्याही ॲम्पवर गोडीगुलाबीने वाजतो आणि दुसरा ॲम्पचं प्रोटेक्शन (बचावासाठी आवाज तोडणारी आतली सोय) पाडतो.

हे कळायला ग्राफ बघावा लागतो. स्टिरिओफाइल आणि ऑडिओ सायन्स रिव्ह्यू या दोन ठिकाणी स्पीकर मोजून इम्पीडन्सचे ग्राफ छापतात. त्यात दोन रेषा असतात, एक ओहमची, एक अंशांची. सगळा ग्राफ वाचायची गरज नाही. ८० ते ४०० हर्ट्झचा पट्टा बघा. बायाँचा घुमारा, बेस गिटार, पुरुषी आवाजाचं अंग, असा गाण्यातल्या ताकदीचा मोठा वाटा इथे असतो. पोर्टवाल्या (पेटीला हवेसाठी भोक असलेल्या) बुकशेल्फमध्ये शंभर हर्ट्झच्या पुढे ओहमची रेषा घसरायला लागते, त्याच उतारावर फेज उणे बाजूला जातो आणि दीडशे-दोनशेच्या आसपास तळ लागतो. या पट्ट्यात ४ ओहमखाली आणि उणे ४०-४५ अंश असं एकत्र दिसलं, की ॲम्पचं बजेट वाढवा. हाच तळ १२ हजार हर्ट्झला असेल तर फार मनावर घेऊ नका. तिथे संगीतात ताकदच किती असते!

ग्राफ मिळाला नाही तर मल्टिमीटर काढा. स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून सोडवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय दाखवतं ते टिपून घ्या, बहुधा ०.२ ते ०.४ ओहम. मग पिना स्पीकरच्या टर्मिनलना लावा आणि त्यातून तेवढे वजा करा. सहाच्या आसपास आलं तर बेसच्या बाजूने स्पीकर खरोखर ८ ओहमचा. तीन-साडेतीन आलं तर ४ ओहमचा. ही डीसी रेझिस्टन्स आहे, त्यामुळे फक्त वूफर (बेसचा ड्रायव्हर) आणि त्याच्या मालिकेतली कॉइल कळते. ट्वीटरकडचा (वरच्या सुरांच्या ड्रायव्हरकडचा) खड्डा किंवा फेज कळत नाही. पण लेबल खोटं बोलतंय का, एवढं पाच मिनिटांत समजतं.

पायरी २: तुम्हाला खरंच किती वॉट लागतात ते काढा

नियम दोनच: आवाज ३ डेसिबलने वाढवायला वॉट दुप्पट लागतात, १० डेसिबलने वाढवायला दहापट.

समजा हॉल १२ बाय १४ फुटांचा आहे, सोफा स्पीकरपासून ९ फुटांवर, आणि स्पीकर यूबी५ सारखा, ४ ओहम ८५ डेसिबल. ९ फूट म्हणजे पावणेतीन मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर पावणेनऊ डेसिबल कमी व्हायला हवेत. घरात भिंती थोडं परत देतात, म्हणून ६ धरू. दुसरा स्पीकर ३ वाढवतो. म्हणजे प्रत्येक स्पीकरला २.८३ व्होल्ट दिल्यावर सोफ्यावर ८२ डेसिबल. शेजारी दार वाजवणार नाहीत, पण गाणं अंगावर येईल असा आवाज सरासरी ७८ धरा. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा कडकडाट सरासरीच्या २० डेसिबल वर जातो, म्हणजे ९८. फरक १६ डेसिबल, वॉटमध्ये ४० पट. आपण सुरुवातच २ वॉटने केली होती, म्हणून ८० वॉट. हाच स्पीकर ८ ओहमचा असता तर ४० मध्ये भागलं असतं.

आता करंट बघा. ४ ओहमला ८० वॉट म्हणजे सुमारे १८ व्होल्ट, साडेचार अँपिअर. इम्पीडन्स ३.२ वर उतरला की तेवढ्याच व्होल्टला साडेपाचच्या पुढे, आणि लाटेच्या टोकाला जवळपास ८ अँपिअर. ॲम्प इथे गुडघे टेकतो. व्होल्टेज असतं, करंट नसतो.

मात्र यातला २० डेसिबलचा आकडा प्रत्येकाला लागू नाही. आजची बरीचशी सिनेसंगीताची रेकॉर्डिंग दाबून सपाट केलेली असतात. टोक सरासरीच्या आठ-दहा डेसिबल वर गेलं तरी खूप. त्याच खोलीत, त्याच सरासरी आवाजाला मग ८० च्या जागी ८ वॉट पुरतात. चाळीस वॉटच्या ॲम्पवर "मस्त चाललंय की!" म्हणणारा आणि "अजिबात जीव नाही" म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात. ते वेगवेगळं ऐकत असतात.

कागदी हिशोबावर भरवसा नसेल, तर मोजायची एक सुंदर पद्धत आहे. ऑडिओच्या छंदी लोकांत ती बरीच वापरली जाते. सध्याचा कुठलाही ट्रान्झिस्टर ॲम्प चालेल, मित्राचा आणला तरी हरकत नाही.

स्पीकर जोडून तुमचं सगळ्यात आवडतं, सगळ्यात दणदणीत गाणं लावा. याच्यापुढे आपण आयुष्यात आवाज वाढवणार नाही, अशा जागी व्हॉल्यूम नेऊन पेन्सिलीची खूण करा. गाणं बंद करा, ॲम्प बंद करा, स्पीकरच्या वायरी काढा. ॲम्प पुन्हा चालू करून १०० किंवा १२० हर्ट्झचा, उणे १२ डेसिबल पातळीचा साइन टोन लावा. अशा फाइली फुकट मिळतात. व्हॉल्यूम त्याच खुणेवर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एका चॅनेलच्या प्लस-मायनसमध्ये मोजा. जो आकडा येईल त्याला ४ ने गुणा, कारण उणे १२ डेसिबल म्हणजे पूर्ण पातळीच्या व्होल्टेजचा पाव भाग. रेकॉर्डिंग पूर्ण पातळीला पोचलं की ॲम्पला एवढे व्होल्ट द्यावे लागणार.

उदाहरणार्थ मीटरवर ३.५ आले. गुणिले ४, झाले १४ व्होल्ट. १४ चा वर्ग १९६, भागिले ४ ओहम, ४९ वॉट. म्हणजे ४ ओहमला प्रामाणिक ६० वॉट देणारा ॲम्प तुम्हाला पुरून उरेल, आणि दीडशे वॉटवाल्याचे जादा पैसे वाचले. बहुतेकांचा आकडा त्यांच्या अपेक्षेपेक्षा कमीच निघतो. मोजताना दोन पथ्यं पाळा. व्हॉल्व्हच्या ॲम्पवर हा प्रयोग अजिबात करू नका. स्पीकर न जोडता तो चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि मीटरची काळी पिन त्याच चॅनेलच्या काळ्या टर्मिनलवरच हवी, ॲम्पच्या बॉडीवर नाही. क्लास डी (आउटपुट ट्रान्झिस्टर भराभर चालू-बंद करून चालणाऱ्या) ॲम्पमध्ये काळं टर्मिनल म्हणजे बऱ्याचदा अर्थिंग नसतं.

पायरी ३: ॲम्पची जाहिरात वाचायला शिका

"२००० वॉट पीएमपीओ" असं छापलेल्या डेकच्या जमान्यात आपण वाढलो, त्यामुळे वॉटच्या बाबतीत थोडा संशय आपल्या रक्तातच आहे. तो इथे कामाला येतो. अमेरिकेत असल्याच फुगवाफुगवीला आवर घालायला १९७४ साली वॉट कसे मोजायचे याचा सरकारी नियम करावा लागला होता. ॲम्पच्या वॉटला चार प्रश्न विचारा: किती ओहमला? दोन्ही चॅनेल एकदम चालवून का? २० ते २०,००० हर्ट्झला, की फक्त १,००० ला? डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) किती टक्के असताना? डेनॉनच्या पीएमए-६००एनईची ओळख ७० वॉटचा ॲम्प अशी करून देतात. तो आकडा ४ ओहमला, १,००० हर्ट्झला, ०.७ टक्के डिस्टॉर्शनचा. ८ ओहमला, पूर्ण पट्ट्यात, ४५ वॉट. खोटं काही नाही, पण शेजारच्या ॲम्पशी तुलना करताना लोक ७० विरुद्ध ५० अशी करून मोकळे होतात.

तुमच्या कामाचा आकडा ४ ओहमचा. ८ ओहमवरून ४ वर आल्यावर वॉट दुप्पट व्हायला हवेत, कारण व्होल्टेज तेच आणि करंट दुप्पट. प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मर छोटा असला की व्होल्टेज खाली बसतं. मरँट्झचा पीएम६००७ ४५ वरून ६० वर जातो. केंब्रिज ऑडिओचा सीएक्सए८१ ८० वरून १२० वर. बेंचमार्कचा एएचबी२ १०० वरून १९० वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हे गुणोत्तर म्हणजे घाटातली गाडी: सपाटीवर सगळ्याच पळतात, खंबाटकीत कुणाचं इंजिन किती ते कळतं. तरीही फक्त गुणोत्तराच्या नादी लागू नका. ४० वरून ८० वर जाणारा ॲम्प ऐकायला रुबाबदार वाटतो, पण ८० वरून १२० वर जाणारा तुमच्या ४ ओहमला दीडपट ताकद देतोय. शिवाय काही कंपन्या ८ ओहमचा आकडा मुद्दाम कमी सांगून "बघा, आमचा दुप्पट होतो" अशी शेखी मिरवतात.

४ ओहमचा आकडाच छापलेला नसेल तर? त्याचा अर्थ बहुधा तोच, जो परीक्षेचे मार्क विचारल्यावर पोराने विषय बदलण्याचा असतो. ॲम्पच्या मागे टर्मिनलशेजारी "४-१६ ओहम" की "६-१६ ओहम" लिहिलंय ते वाचा. ६ लिहिलं असेल आणि तुमच्या स्पीकरचा तळ साडेतीनचा असेल, तर हळू आवाजात काही बिघडणार नाही, पण वर नेल्यावर जबाबदारी तुमची. २ ओहमलाही स्थिर असल्याचं कंपनी लिहून देत असेल, तर तो अवघड स्पीकरसाठी उत्तम दाखला. १९७८ चा एनएडी ३०२० कागदावर जेमतेम २० वॉटचा होता, पण कमी ओहमच्या स्पीकरला थोड्या वेळासाठी करंट सोडायची त्याची तयारी होती, म्हणून त्याचं नाव आजही निघतं.

वजन हा जुना निकष क्लास एबीला (ट्रान्झिस्टर ॲम्पच्या नेहमीच्या जुन्या पद्धतीला) अजूनही लागू पडतो. पंधरा किलोच्या ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) असतात, पाच किलोच्या ॲम्पमध्ये त्यांची फक्त चित्रं माहितीपत्रकात असतात. क्लास डीला मात्र हा निकष लावू नका.

पायरी ४: ॲम्पची जात कोणती?

क्लास एबी हा सरळमार्गी पर्याय. ४ ओहमला शंभर वॉटच्या आसपास, बरा हीटसिंक, विषय संपला.

क्लास डीबद्दल जुन्या मंडळींचे कान अजून टवकारतात, पण आजचे चांगले क्लास डी ॲम्प कमी ओहमला घाबरत नाहीत आणि तापतही कमी. फसगत होते ती छोट्या डब्यांत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३२५५ या चिपच्या डेटाशीटमध्ये ४ ओहमला चॅनेलमागे ३१५ वॉट लिहिलेत, १० टक्के डिस्टॉर्शनला. मग त्या चिपवर बनलेल्या डब्यावर "३०० + ३०० वॉट" येतं. सोबत मिळणाऱ्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघा: ४८ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार २४०. म्हणजे आत जातात २४०, त्यातले दहाएक टक्के उष्णतेत गेले, दोन्ही चॅनेल मिळून उरले २१५ च्या आसपास, चॅनेलमागे सतत शंभरेक वॉट. गंमत अशी, की ४ ओहमच्या बुकशेल्फला शंभर वॉट म्हणजे चंगळच. डबा वाईट नाही, छपाई वाईट आहे. तोच डबा ३२ व्होल्टच्या अडॅप्टरवर घेतला तर व्होल्टेजही कमी पडतं. थोडे पैसे टाकून ४८ चाच घ्या.

व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यायचाच असेल तर त्याला ४ ओहमचा वेगळा टॅप (जोडायची जागा) आहे याची खात्री करा आणि स्पीकर तिथेच जोडा. व्हॉल्व्ह ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स जिथे वर जातो तिथला आवाज थोडा चढतो आणि जिथे खाली येतो तिथला पडतो. चढ-उतारांच्या बुकशेल्फवर याचा अर्थ, स्पीकरचा मूळ स्वभावच बदलतो. कुणाला तो आवडतो. पहिला ॲम्प म्हणून मी तो सुचवणार नाही.

होम थिएटरचा एव्ही रिसीव्हर घरात आधीच असेल तर तो आधी वापरून बघा. पाच-सात चॅनेलांसाठी एकच ट्रान्सफॉर्मर असतो, पण दोनच स्पीकर जोडले की तो सगळा त्या दोघांच्या वाट्याला येतो. मागे किंवा मेनूमध्ये इम्पीडन्सची सेटिंग असते. ती कमी ओहमवर नेली की बरेचसे रिसीव्हर आतलं व्होल्टेजच उतरवतात. ॲम्प थंड राहतो, पण वॉटही जातात. तिचा उपयोग उष्णता आटोक्यात ठेवण्यापुरता, ताकद तिने वाढत नाही.

पायरी ५: जोडणी

वायर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दोन कोअरची, तांब्याची, फ्लेक्सिबल घ्या. "अडीच एमएमची द्या" म्हटलं की दुकानदाराला कळतं. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ८ ओहम. ३ मीटरच्या वायरीत जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.०५ ओहमच्या आत. किमान इम्पीडन्सच्या ५ टक्क्यांत वायर बसली की झालं, आणि ३.२ चे ५ टक्के ०.१६ होतात. म्हणजे पाच मीटरपर्यंत दीड एमएमसुद्धा पास. हजारो रुपयांच्या केबलचे पैसे ॲम्पमध्ये घाला.

वायरीचं टोक सोलताना काळजी घ्या. तांब्याच्या केसासारख्या तारांपैकी एखादी सुटी राहते, शेजारच्या टर्मिनलला टेकते, आणि ॲम्प एका क्षणात शॉर्ट होतो. टोक घट्ट पिळून घ्या, किंवा बनाना प्लग लावा. प्लगचा आवाजाशी काही संबंध नाही. फायदा हा, की तार बाहेर डोकावत नाही.

ॲम्पवर ए आणि बी अशा दोन जोड्यांची सोय असते. ४ ओहमची जोडी ए वर असताना बी वर दुसरी ४ ओहमची लावून दोन्ही एकदम चालवल्या, तर ॲम्पला २ ओहम दिसतात. हे करू नका. दोन ॲम्प ब्रिज करून, म्हणजे एकाच स्पीकरच्या दोन टोकांना जोडून, ताकद वाढवायचा सल्लाही ४ ओहमला घातक. ब्रिज केल्यावर प्रत्येक अर्ध्या भागाला निम्मा, म्हणजे २ ओहमच दिसतो. बाय-वायरिंगने, म्हणजे एकाच स्पीकरला वायरींच्या दोन जोड्या लावून, यातलं काहीच बदलत नाही.

पायरी ६: आपली वीज, आपला उन्हाळा

४ ओहमच्या भाराखाली ॲम्प दुप्पट तापतो, आणि आपल्याकडे तो टीव्ही युनिटच्या काचेमागे, वर सेट-टॉप बॉक्स ठेवून, झालंच तर क्रोशाचा रुमाल घालून ठेवायची पद्धत आहे. वर निदान चार-पाच इंच मोकळी जागा आणि मागून हवा हवीच. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला खोलीच चाळिशीच्या जवळ असते. तिथे हीटसिंकला थंड व्हायला वावच राहत नाही. अशा ठिकाणी क्लास डीचं पारडं जड.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येत असेल, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पचं आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात पडतं आणि वॉट वर्गाच्या प्रमाणात: १०० चे साधारण ६८ उरतात. स्विचिंग सप्लायवाल्यांना याचा फारसा फरक पडत नाही.

परदेशातून येणारे नातेवाईक ॲम्प आणतात, तेव्हा मागची पाटी आधी वाचा. अमेरिकेचा १२० व्होल्टचा, जपानचा १०० चा. आपल्या २३० वर थेट लावला की धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तोही ५०० व्हीएच्या पुढचा, आणि १०० व्होल्टच्या ॲम्पला १०० व्होल्टचाच. तो धरून किंमत काढली की "स्वस्तात मिळाला" हा आनंद पुष्कळदा मावळतो.

पायरी ७: पैसे देण्याआधी

तुमचे स्पीकर दुकानात घेऊन जा. लाजू नका, बुकशेल्फ आहेत, रिक्षात मावतात. दुकानातल्या सोप्या ८ ओहमच्या टॉवरवर ॲम्प ऐकून काहीही कळत नाही. पखवाज किंवा बायाँ नीट ध्वनिमुद्रित झालेलं, एकदम शांततेतून उसळणारं असं काहीतरी लावा. पेन्सिलीच्या खुणेएवढा आवाज ठेवून अर्धा तास वाजू द्या. कमी पडणाऱ्या ॲम्पचं पहिलं लक्षण आवाज फाटणं नसतं. आधी बेस ढिला होतो, थापेची धार जाते, आणि सगळी वाद्यं एकत्र आली की गर्दी झाल्यासारखं वाटतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ट्वीटर कर्कश वाटणं. तिथे आवाज लगेच कमी करा. क्लिप होणारा, म्हणजे कुवतीबाहेर जाऊन लाटेची टोकं कापणारा, ॲम्प जास्तीची ताकद वरच्या पट्ट्यात ढकलतो आणि बिचारा ट्वीटर जळतो. आतून "टक्" आवाज येऊन गाणं थांबलं तर प्रोटेक्शन रिले पडला. आधी वायरीची टोकं तपासा. ती ठीक असतील तर हा ॲम्प तुमच्या स्पीकरचा नव्हे.

अर्ध्या तासाने वरच्या जाळीवर हात ठेवा. हात सुखाने ठेवता आला तर छान. दोन-तीन सेकंदांत उचलावा लागला तर तो ॲम्प तुमच्या घरातल्या कपाटात टिकणार नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात जुना ॲम्प बघत असाल, तर मल्टिमीटर खिशात ठेवाच. गाणं बंद, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले, मीटर डीसी मिलिव्होल्टवर. दोन्ही चॅनेलच्या टर्मिनलवर ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. शंभराच्या वर असेल, किंवा आकडा एका जागी थांबत नसेल, तर आत काहीतरी दुरुस्तीला आलंय. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर तेवढ्यावरून नाकारू नका, ती साफ होते. पण एक चॅनेल मध्येच जातो आणि आवाज वाढवल्यावर परत येतो, हे रिलेचे कॉन्टॅक्ट झिजल्याचं लक्षण. किमतीत घासाघीस करायला चांगलं कारण.

नवा ॲम्प घ्यायला पैसेच नसतील आणि हाताशी असलेला थोडाच कमी पडत असेल, तर सबवूफर हा एक मार्ग आहे, पण एका अटीवर. खालचा बेस बुकशेल्फकडे जाण्याआधीच कापला गेला पाहिजे, म्हणजे ॲम्पमध्ये किंवा रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झच्या आसपासचा हाय-पास फिल्टर हवा. तो नसेल तर सबवूफर फक्त भर घालतो, ॲम्पचं ओझं होतं तेवढंच राहतं. फिल्टर असला तर खालची मोठी लाट ॲम्पच्या डोक्यावरून उतरते आणि वूफरचाही श्वास मोकळा होतो. दीडशे-दोनशे हर्ट्झचा इम्पीडन्सचा खड्डा मात्र जागच्या जागी असतो. तिथला करंट तुमच्या मूळ ॲम्पलाच द्यावा लागतो. तेव्हा किमान इम्पीडन्स तीनच्याही खाली असलेल्या स्पीकरला या उपायाने फार तर थोडी मुदतवाढ मिळते.